धडूबाचं डोकं

रविवार, १२ नोव्हेंबर १९७२

आज पाचवा भाग लिहायला घेतला. शेवटचा. म्हणून ही वहीही आजच काढली. मोठं काम अंगावर घेतलं की त्याची नोंद ठेवावी, असं मी सातवीच्या मुलांना सांगत असतो. स्वतः कधी केलं नव्हतं.

पुढे कोणाच्या हाती ही वही पडली तर त्याला संदर्भ लागावा, म्हणून थोडक्यात लिहितो. समुद्रमंथन झाल्यावर देव अमृत प्यायला पंगतीला बसले. ती पंगत आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला बसली, असं लोक मानतात. राहू नावाचा असुर वेष पालटून सूर्य आणि चंद्राच्या मधे जाऊन बसला. त्या दोघांनी चहाडी केली आणि मोहिनीच्या रूपातल्या विष्णूनं त्याचं मुंडकं उडवलं. डोकं आभाळात गेलं. ग्रहणाला सूर्य गिळतं ते हेच. धडाचं काय झालं याची पोथीला फारशी फिकीर नाही.

माझी गोष्ट तिथून सुरू होते. राहुरीजवळ, मुळा नदीच्या काठी, भानू आणि चिमी या भावंडांना एक बिनडोक्याचं धड भेटतं. त्याला बोलता येत नाही, पण ते बोटानं वाळूत लिहितं. चिमी त्याचं नाव ठेवते धडूबा. चार भागांत ही दोघं त्याला घेऊन सात पाताळं, शनीचं घर आणि सूर्याचा तबेला पालथा घालून आली. नगरचे छापखानेवाले आप्पासाहेब माझे प्रकाशक; त्यांनी पहिल्या भागाच्या हजार प्रती काढल्या होत्या, चौथ्याच्या तीन हजार. शाळाशाळांतून मुलं पानं सुटेपर्यंत वाचतात. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहितो.

पाचव्यात धडूबाला त्याचं डोकं मिळणार. कसं मिळणार आणि मिळाल्यावर तो काय करणार, हे मला अजून ठाऊक नाही. हे फक्त या वहीत.

आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांना सांगितलं, "शेवटचा भाग घेतला लिहायला."

"बरं," म्हणाले.

एवढंच. आबांना वाचता येत नाही. आणि सोळा वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेताना ज्या देवांना आपण सोडून आलो, त्यांच्याच गोष्टी मी का लिहितो, हे त्यांना पटत नसावं. बोलून कधी दाखवलं नाही. पण मला कळतं.


रविवार, २६ नोव्हेंबर

नगरला जाऊन आप्पासाहेबांना भेटलो. आज मनाशी ठरवूनच गेलो होतो.

चारही पुस्तकांवर लेखकाचं नाव 'आनंदकुमार' आहे. अडुसष्ट साली आप्पासाहेब म्हणाले होते, "गुरुजी, पुराणातली गोष्ट आहे. भिंगारदिवे हे आडनाव बघून काही घरांत पुस्तक जाणार नाही. वाईट वाटून घेऊ नका." मी वाईट वाटून घेतलं नाही, असं त्यांना वाटलं.

आज म्हणालो, "शेवटच्या भागावर माझं नाव पाहिजे."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "शेवट काय केलाय?"

"चाललंय काम."

"मी सांगू? राहूनं हात जोडावेत. चूक झाली म्हणावं. विष्णूनं त्याचं डोकं जोडून द्यावं. मुलांना क्षमेच्या गोष्टी आवडतात."

"चूक कोणती?"

"अहो, पंगतीत चोरून बसला ना तो."

"बसला," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आधी लिहून आणा. नावाचं नंतर बघू."


शुक्रवार, १५ डिसेंबर

आबा आजपासून पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायला लागले. पाऊस गेलाच आहे, सगळं गाव त्या कामावर आहे, पण आमच्या घरी माझा पगार येतो. मी चिडलो.

"आबा, लोक काय म्हणतील? गुरुजीचा बाप खडी फोडतो?"

"लोकं समदी तितंच हायेत. घरी कोन हाय म्हनायला?"

"पासष्ट वय झालं तुमचं."

"बसून फोडायची हाय. पळायचं न्हाई."

माझी बायको विमल हंड्यावर फडकं धरून पाणी गाळत होती. ती हसली. हसायला काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, फडक्याला भोक पडलंय."

बापाला कष्ट करायची गरज नाही, हे आपल्याला अभिमानानं सांगता यावं, असं वाटतं. त्यांना तेवढंही करवत नाही.


गुरुवार, २१ डिसेंबर

चौथ्या भागाची माझी प्रत कपाटातून काढली तर पानापानांत तंबाखूची भुकटी. विमलला बोललो. ती म्हणाली, "उंदीर असतील."

उंदीर तंबाखू खातात हे मला नवीन आहे.


रविवार, ३१ डिसेंबर

झालं! शेवट लिहून झाला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी.

धड आणि डोकं जोडलं जातं. आजवर राहू सूर्य गिळायचा आणि तो कापल्या गळ्यातून बाहेर पडायचा. आता गळ्याखाली पोट आहे. राहू सूर्य गिळतो आणि या वेळी सूर्य बाहेर येत नाही. तिन्ही लोकांत अंधार. देव चाचपडत येतात, राहूचे पाय शोधतात, त्यांवर डोकी ठेवतात. राहू एकेकाला नाव विचारतो.

माझ्या हातून असं यापूर्वी काही उतरलं नव्हतं.

विमलनं वाचलं. मग पानं पुन्हा मागे चाळली.

"चिमी कुठे आहे यात?"

"आहे ना. अंधारात आहे म्हणून दिसत नाही."

पण खरं सांगायचं तर चिमी आणि भानू माझ्या ध्यानातच राहिले नव्हते. त्याला एवढं महत्त्व द्यायचं कारण नाही.


रविवार, ७ जानेवारी १९७३

आप्पासाहेबांनी सगळं माझ्यासमोर वाचलं. एकही पान गाळलं नाही. मग कागद सारखे करून माझ्यापुढे ठेवले.

"गुरुजी, यात तुम्ही आहात. धडूबा नाही."

"तुम्हाला हात जोडलेला राहू पाहिजे, म्हणून असं म्हणता."

"तसंही असेल," ते म्हणाले. "पण चार वर्षं पोरं ज्याचं बोट धरून चालली, त्यानं त्यांना अंधारात सोडून जायचं?"

मी कागद उचलले आणि निघालो. एसटीत सगळा वेळ उत्तरं सुचत होती. एकाहून एक चांगली.


रविवार, १४ जानेवारी

आज संक्रांत. तीळ नाहीत, गूळ आहे.

टँकरवर पाण्याच्या रांगेत लंकाबाई भेटली. ती पाझर तलावावर काम करते. खडीचा कपचा लागून अंगठ्याला चिंधी बांधली होती. मला बघून म्हणाली, "गुरुजी, धडूबाला डोस्कं भेटलं का न्हाई अजून? लई ताटकळत ठिवलं बाई!"

मागून कडूबाई म्हणाली, "त्या शनीच्या घरी रातभर उकिडवं बसला त्यो, तवा तर मला रडू आलं हुतं."

मन भरून आलं. छापखान्यात कोणी काही म्हणो, माझी पुस्तकं अडाणी घरांपर्यंत पोचली आहेत. यांची मुलं घरी मोठ्यानं वाचत असणार.

लंकाबाईला मूलबाळ नाही, हे नंतर ध्यानात आलं. शेजाऱ्यांचं ऐकत असेल.


सोमवार, २२ जानेवारी

काही सुचत नाही. माफी मागणारा राहू लिहून पाहिला. दीड पान झालं आणि हात थांबला. राहू हात जोडून उभा आणि मी त्याच्या जागी लाजतोय, असं वाटायला लागलं. फाडून टाकलं.

विहारात बन्सीनं अडवलं. तरुण आहे, गरम डोक्याचा आहे. म्हणाला, "गुरुजी, बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण? मग पुस्तकात विष्णू कशाला?"

मी म्हणालो, "मी त्याची पूजा करत नाही. त्याला विचारतोय."

"काय विचारताय?"

मी चपला पायात सरकवल्या आणि घरी आलो.


रविवार, ४ फेब्रुवारी

आजचं सविस्तर लिहितो.

संध्याकाळी आबा कामावरून आले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले. मी बाजूला वही घेऊन होतो. एकदम म्हणाले, "आडलंय म्हनं तुझं."

विमलनं सांगितलं असणार. "हो. थोडं."

"त्या धडाला डोस्कं जुडलं, की पयलं काय करंल त्यो?"

मी त्यांना डिसेंबरातला शेवट सांगितला. सूर्य गिळणं, अंधार, पायावरची डोकी. आबा तंबाखू मळत ऐकत होते.

"न्हाई," म्हणाले. "त्याला भूक लागली आसंल."

मी वही मिटली.

"बघ की. तोंड वर आभाळात, प्वाट हितं खाली. जेवाया म्हनून बसला आन् घास गळ्यात आस्तानाच उठवला त्याला. तवापस्नं उपाशी हाय त्यो. तोंडानं सूर्य गिळला तरी पोटाला काय ठावं? त्याला डोस्कं भेटल्यावं राग न्हाई यायचा आदी. भाकर मागंल."

मग जे बोलले ते मी कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"गिरान लागलं की आमी हाळी देत फिरायचो. 'दे दान, सुटे गिरान.' राहू आपल्यातला म्हनायची लोकं, म्हनून दान आपल्याला. तू बी आला हुतास येकदा."

मला ते चांगलं आठवतं. सात वर्षांचा होतो. एका वाड्याच्या पायरीवरून बाईनं लांबूनच टोपल्यात जोंधळे टाकले आणि म्हणाली, "घ्या, आणि सोडा आता आमच्या सूर्याला." वाटेनं मी विचारलं होतं, आबा, आपण धरलाय का सूर्य? ही सगळी पुस्तकं त्या एका प्रश्नातून आली. पण आबांना मी ते कधी सांगितलं नव्हतं.

"तू मला इचारलं हुतंस," आबा म्हणाले, "आपुन धरलाय का म्हनून. मी बोललो न्हाई. मला बी कळत नव्हतं, काय सांगावं."

विमल दारात उभी होती. आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पंगतीत येक जरी मानूस जेवत आसला तरी बाकीच्यांनी हात वाळवत बसायचं आस्तं. उठायचं न्हाई. बसू दे की मंग द्येवास्नी, त्याचं हुईस्तवर."


सोमवार, ५ फेब्रुवारी

आज गणिताच्या तासाला मला शेवट सुचला! मुलांना त्रैराशिक घालून दिलं आणि खडूचा तुकडा हातात तसाच धरून खिडकीशी उभा राहिलो. सगळा प्रसंग डोळ्यांसमोर. आबांच्या बोलण्यात जेवणाचा विषय निघाला होता, त्याचा धागा धरून बाकी सगळं मी उभं केलं.


रविवार, ११ फेब्रुवारी

सहा दिवसांत पूर्ण. इतक्या वेगानं मी कधीच लिहिलं नव्हतं.

डोकं जोडलं जातं. सगळे देव घाबरून लांब उभे. धडूबा पहिल्यांदा तोंड उघडतो आणि म्हणतो, "भाकर आहे का?" चिमी शिदोरी सोडते. मोडलेली पंगत पुन्हा मांडली जाते, त्याच जागी, आणि धडूबा सूर्य आणि चंद्र यांच्या मधे जाऊन बसतो. वाढते चिमी. पाणी भानू देतो. देवांचं लवकर आटोपतं. धडूबाचं नाही. तो दुसरी भाकरी मागतो, मग तिसरी. पंगत मोडायची नाही, म्हणून सूर्य वाळल्या हातानं बसून राहतो. त्याचे घोडे तबेल्यात फुरफुरतात. पृथ्वीवर संध्याकाळ होतच नाही आणि सगळ्या गावांतली पोरं मनसोक्त खेळत राहतात. विष्णूही बसलेला. मांडी अवघडली तरी बसलेला. शेवटी धडूबा मोठी ढेकर देतो आणि सगळे एकदम उठतात.

माफी कोणी मागत नाही. राहूही नाही, देवही नाहीत.

विमल वाचताना दोनदा हसली आणि नंतर पदरानं डोळे पुसले. "हे ऐकून मामांना किती..." म्हणाली आणि थांबली. आबांना ती मामा म्हणते.

"किती काय?"

"काही नाही. मामांना आवडलं असतं, वाचता येत असतं तर."


रविवार, १८ फेब्रुवारी

आप्पासाहेबांनी खुर्ची सोडून उभ्यानं वाचलं. मधेच छपाईचे खिळे जुळवणाऱ्या माणसाला म्हणाले, "अरे, ते यंत्र थांबव जरा." तिसऱ्या भाकरीला ते मोठ्यानं हसले. सत्तरीचा माणूस, सोगा डोळ्यांना लावून हसत होता. शेवटच्या पानाला हसले नाहीत.

"नाव पूर्ण लिहून द्या," म्हणाले. "वडिलांच्या नावासकट. आनंदकुमार हे टोपणनाव आत बारीक अक्षरात टाकू, म्हणजे मुलांना कळेल, तोच माणूस आहे."

"काही घरांत पुस्तक जाणार नाही," मी म्हणालो.

"नाही जाणार. जाईल तिथे जाईल." थोडं थांबून म्हणाले, "तेव्हाही मी असंच म्हणायला पाहिजे होतं, गुरुजी. मागच्या चारही भागांच्या नव्या आवृत्तीवर नाव बदलू."

माझ्या हातात त्यांनी टाक दिला. मी लिहिलं: सहादेव रंभाजी भिंगारदिवे. शाळेच्या हजेरीपटावर रोज सही करतो, पण अक्षर इतकं नीट मी कधी काढलं नव्हतं.

डिसेंबरातला शेवट त्यांनी परत केला ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही. पण त्यांना ते म्हणायचा अधिकार आहे.


रविवार, ११ मार्च

मुखपृष्ठाचं प्रूफ आलं. पंगत काढली आहे. मधे धडूबा, गालात घास. खाली माझं नाव, आणि त्याखाली 'मालिकेचा पाचवा व अखेरचा भाग'.

आबांना दाखवलं. नावाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "हे तुमचं, रंभाजी."

त्यांनी बघितलं. "मधी घातलंय व्हय," म्हणाले आणि कामावर गेले. घमेलं आणि हातोडी घेऊन, रोजच्यासारखे, आणि रोजच्यापेक्षा लवकर. एवढ्या दिवशी तरी घरी थांबतील असं वाटलं होतं.


शुक्रवार, ६ एप्रिल

काल पुस्तकं आली. पंचवीस प्रती मला. सकाळची शाळा असल्यानं अकराला सुटलो, पंधरा प्रती पिशवीत घातल्या आणि थेट पाझर तलावावर गेलो. ठरवलं होतं की सगळ्यांच्या देखत पहिली प्रत आबांच्या हातात द्यायची. चार लोकांसमोर दिली तर त्यांनाही काहीतरी बोलावं लागेल.

दुपारची सुट्टी होती. बाभळीखाली पन्नासेक माणसं दाटीवाटीनं बसलेली, बाया पुढे, गडी मागे. मला वाटलं मजुरांना खायची सुकडी वाटतायत. जवळ गेलो तर मधून आवाज येत होता.

"...आन् सूर्य म्हनला, माजी घोडी खोळंबल्यात. तर चिमी म्हनली, खोळंबू द्या! कदी न्हाई ते जेवतंय लेकरू!"

आबांचा आवाज. खडीच्या ढिगाऱ्यामागे मी थांबलो.

हातात पुस्तक नव्हतं. वाचता येत नाही, तर असणार कसं? ते उकिडवे बसून दोन्ही हातांनी पंगत मांडत होते. इथं सूर्य, इथं चंद्र, हा विष्णू. विष्णू झाले की तोंड वाकडं करून मांडी चोळायचे आणि बाया पदरात तोंड खुपसायच्या. गोष्ट माझी होती. पण भाकरीचा वास मी लिहिला नव्हता. पहिला घास उतरताना धडूबा दोन्ही हातांनी आपलंच पोट चाचपतो, तेही मी लिहिलं नव्हतं.

बाजूला हजेरीचा कारकून झाडाला टेकून बिडी ओढत होता. नगरकडचा आहे, मला ओळखत नव्हता. हळूच म्हणाला, "म्हाताऱ्यापायी रोज सुट्टी लांबते. डिसेंबरपासून चाललंय. सून घरी याला पुस्तक वाचून दाखवायची म्हणे आधी, आता हा तिच्या पुढे गेलाय."

डिसेंबरपासून.

तेवढ्यात आबांनी ढेकर दिली, मोठी, धडूबाची, आणि सगळी पंगत उठली. माझं पुस्तक तिथे संपतं. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मी पिशवीतून प्रत काढली.

लंकाबाई म्हणाली, "मंग? जेवान झाल्यावं पुढं?"

मला हसू आलं. पुढं काही नाही, बाई. अखेरचा भाग.

आबा म्हणाले, "पुढं? आगं, पत्रावळी कोन उचलनार?"

कोणीच हसलं नाही. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगतीतल्या पत्रावळी उचलल्या आहेत. आबांनी उचलल्या आहेत. माझ्या आईनं उचलल्या आहेत.

"समदे द्येव येकमेकांकडं बघाया लागले," आबा म्हणाले. "धडूबा सवयीनं वाकला. तर चिमीनं त्याचा हात धरला. म्हनली, तू न्हाई. तू बस. मंग बराच टाइम कोन हालंना. आन् मंग विष्णू उठला. पितांबर खवला..."

मी तीन महिने त्या शेवटाशी झगडलो. तो लिहिला म्हणून स्वतःची पाठ थोपटली. आणि पत्रावळी माझ्या डोक्यात आल्या नाहीत. वाईट वाटायला हवं होतं. माझी छाती मात्र अशी भरून आली की पिशवी खाली ठेवावी लागली.

कारकून म्हणाला, "कोण हो हा म्हातारा? शिकलेला वाटत नाही."

"माझे वडील आहेत," मी म्हणालो.

"आणि तुम्ही कोण?"

"मी त्यांचा मुलगा."

पुढे होऊन गर्दीच्या कडेला गेलो. आबांनी मला पाहिलं. थांबले नाहीत. हातानंच लंकाबाईला सरकायची खूण केली, तिनं मला जागा दिली, आणि विष्णू दुसरी पत्रावळ उचलायला वाकला.